आपा, खाडीचा ठराव झाला

आपा, काल ग्रामसभेत तुझ्या नावावरून भांडण झालं आणि मला इतका आनंद झाला की घरी येताना रस्ताभर मी एकटीच मोठ्यानं बोलत होते. समोरून येणाऱ्या पोस्टमननं सायकल थांबवून विचारलं, "बाई, बरां आसा मा?" मी म्हटलं, "एकदम बरं!" आणि तशीच हातवारे करत पुढं गेले. गावात आता काय बोलणं होईल ते तू जाणतेसच.

तू गेलीस त्याला सतरा दिवस झाले. सकाळी छातीत कळ आली म्हणालीस, रुबीना पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. तुझी ती सून अजून त्या पाण्याच्या तांब्याबद्दल बोलते, जणू ती दोन पावलं जलद चालली असती तर तू थांबली असतीस. तुला नेताना आम्ही बायका कबरस्तानाच्या वळणावर उभ्या राहिलो. तुझ्या जोडीनं चिखलात उतरणारी सुलोचना होती, खाडीतल्या सगळ्या होत्या. सुकती लागली होती, पाणी ओसरलं होतं, चिखलातले शिंपले, तिसरे, काढायची वेळ होती, पण कुणी पाण्यात उतरलं नाही. मी रडले नाही. मला राग आला होता. ग्रामसभा पंधरवड्यावर आलेली, खाडीत भराव नको असा ठराव घ्या म्हणून अर्ज तू स्वतः देऊन ठेवलेला, आणि तू अशी न सांगता उठून निघालीस.

तर आता कालचं सांगते. पण त्याआधी मला मागं जावं लागेल. तुझ्याशी बोलायचं तर सुरुवात भांडणापासूनच करायला हवी.

तू पहिल्यांदा आमच्या बैठकीला आलीस तो दिवस. आमचा पक्ष म्हणजे तेव्हा आठ-दहा माणसं. पक्षाचं लांबलचक नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही, लोक आपले "हिरवे" म्हणायचे. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, मुलांना कांदळवनात नेऊन तिवराची मुळं दाखवायचे, म्हणून पक्षाच्या जाहीरनाम्यासाठी तालुक्याचा पर्यावरणाचा मसुदा लिहायचं काम माझ्याकडं आलं. महिनाभर खपून लिहिला होता. शाळेच्या वर्गात मी तो वाचून दाखवत होते. तू मासळी विकून परस्पर आली होतीस. रिकामी टोपली दाराबाहेर ठेवलीस आणि मुलांच्या बाकावर मागं बसलीस. मी थांबल्यावर विचारलंस,

"बाई, कागद बरो आसा. पण ह्येच्यात आमी खंय आसंव?"

मी म्हटलं, "तुम्ही आहात ना. खाडी वाचली तर सगळेच वाचतील."

"तसा नाय. वाच परत. खाडीत उतराक बंदी, असा लिवलंस ना? लगेच बंदी. आणि तो रिसॉर्टवालो तिवरां तोडून भराव घालता, तेच्यापुढं काय लिवलंस?"

मी खाली पाहिलं. मीच लिहिलेलं होतं, तरी शोधावं लागलं. "टप्प्याटप्प्यानं नियंत्रण."

"गरिबाक बंदी, आणि बंगलेवाल्याक टप्प्याटप्प्यान?"

वर्गात कुणीतरी हसलं. माझे कान तापले. आणि मी ते वाक्य बोलले. "आपा, हा शास्त्राचा विषय आहे. तुला नाही कळायचा." सगळ्यांसमोर, फळ्यापुढं उभी राहून, शिक्षिकेच्या आवाजात.

तू रागावली नाहीस. उठलीस, टोपली उचललीस आणि दारातून म्हणालीस, "उद्या सकाळी सुकती आसा. येतलंस?"

मी आले. खरं सांगू, तुला चूक ठरवायलाच आले. साडी वर खोचून खाडीत पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत रुतले. सुलोचनानं माझा दंड धरला तेव्हा ती पहिल्यांदा मला भेटली. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तू पलीकडून ओरडत होतीस, "पाय उचलू नको गो, सरकय! सरकय!" वीस वर्षं मी कांदळवन शिकवत होते, पण नेहमी बांधावर उभी राहून.

त्या दिवशी तू मला काय काय दाखवलंस! चिखलावरच्या दोन बारीक भोकांवरून खाली तिसरा आहे की नुसता खेकडा, हे तू चालता चालता सांगत होतीस. अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान शिंपला हाती आला की परत रोवत होतीस. "ह्या बारक्या. ह्येका अजून घर बांधूचा आसा." खाडीच्या वरच्या अंगाला अंडी धरायच्या दिवसांत एकही बाई जात नाही, हे मला तिथं कळलं. कुणी ठरवलं विचारलं तर सुलोचना म्हणाली, "ठरवक कित्याक होया? जाणत नाय तर काय." मग तू मला भरावाच्या कडेला नेलंस. तिथं चिखल दगडासारखा झाला होता. कोयती मारून तू एक मूठ उकरलीस आणि माझ्या तळहातावर ठेवलीस. सगळे शिंपले मेलेले, उघडे, आत लाल माती.

मी घरी गेले आणि मसुदा फाडला नाही, नाटक कशाला करू? ठेवून दिला. पण तिसऱ्या दिवशी वही घेऊन तुझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

आपा, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस होते. तू मालवणीत सांगायचीस, मी ते कचेरीच्या मराठीत घालायचे आणि वाचून दाखवलं की तू कपाळाला हात लावायचीस. मी लिहिलं, "स्थानिक घटकांचा सहभाग." तू म्हणालीस, "घटक म्हणजे कोण? चुन्याचो घटक की माणूस?" मी लिहिलं, "महिला लाभार्थी." तू पोळपाट बाजूला सारलास.

"लाभार्थी म्हणजे काय गो? हात पसरणारे? पूस तो शब्द. आमी राखणदार."

"अगं, राखणदार म्हटलं तर गावाचा देव समजून आपले लोक खाडीवर नारळ आणून ठेवतील."

"ठेवंदेत. नारळ ठेवतले तर भराव तरी घालूचे नाय."

रुबीना चुलीपाशी हसता हसता खाली बसली होती. पण मसुदा बदलत गेला. पहिल्या ओळीत भरावाला बंदी आली. जे खाडी राखतात त्यांचा खाडीवर पहिला हक्क, ही दुसरी ओळ. तिसरी तू हट्टानं घातलीस: किनाऱ्यावर ज्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर, त्यांची घरं आधी कागदावर आणा, मग किनारा संरक्षणाच्या गोष्टी बोला. मी म्हटलं, "हा पर्यावरणाचा मुद्दा नाही, महसुलाचा आहे." तू विचारलंस, "घर जाताला म्हणान भियालेलो माणूस झाड लावतलो काय?" मी लिहिलं. मग तू बोटींवरच्या खलाशांचं काढलंस, परमुलखातून येणारी ती माणसं, ज्यांचं इथं मतही नाही. "मत नाय म्हणान तेंका वादळाची खबर देवची नाय?" तेही लिहिलं. मसुदा माझ्या आधीच्या मसुद्यापेक्षा आखूड झाला आणि चौपट भारी.

आणि पक्षाचं कुडाळचं अधिवेशन! सभागृहात मोठ्या शहरांतून आलेली मंडळी, पाठीवर पिशव्या, हातात पाण्याच्या धातूच्या बाटल्या. एक गृहस्थ फार तळमळीनं बोलले. मच्छीमार समाजाला हरित रोजगार द्यायला हवा, खाडीत पर्यटकांना फिरवता येईल, मासेमारीवरचा ताण कमी होईल. टाळ्या पडल्या. मग तुझं नाव पुकारलं. तू बसमध्ये पूर्ण वाट माझ्याकडून प्रमाण मराठी घोकून घेतली होतीस. "आदरणीय व्यासपीठ," म्हणालीस, आणि पुढचं सगळं विसरलीस. मी पहिल्या रांगेतून ओठ हलवून सांगत होते, तू माझ्याकडं बघतही नव्हतीस. मग तू पदर खोचलास.

"माका भाषण येणा नाय. ह्या दादान सांगल्यानी, पावण्यांका खाडी दाखवा. दाखवया. पण खाडीत तिसरे नसले, मासो नसलो, तर तेंका दाखवचा काय? आमचो फोटो? आमचा काम आमका ठेवा. आमका नवीन काम नको, जुन्या कामाचो मान होयो."

आपा, ते गृहस्थ स्वतः उठून उभे राहिले. त्यांनीच सुचवलं की आपल्या तालुक्याचा मसुदा राज्याच्या जाहीरनाम्यात जसाच्या तसा घ्यावा. "राखणदार" हा शब्दसुद्धा! परतीच्या बसमध्ये तू खिडकीला डोकं टेकून कट्टा गावापर्यंत झोपलीस आणि मी शेजारी बसून त्या कागदाची घडी उघडत होते, मिटत होते.

पंचायत समितीला तू उभी राहिलीस तेव्हाचं मला आठवायचं नव्हतं, पण आठवतं. आपला झेंडा हिरवा, तुझं नाव हमीदा. कुणीतरी पारावर म्हणालं, हिरवा म्हणजे कुणाचा ते कळलं. पक्षातल्या दोघांनी दबक्या आवाजात सुचवलं की झेंड्यात थोडा निळा घालू, समुद्राचा म्हणून. तू सरळ त्या पाराकडं चालत गेलीस, मी मागोमाग. वाटेत कुंपणापाशी तिवराची डहाळी तोडलीस आणि त्या माणसाच्या हातात दिलीस.

"ह्यो पालो खंयच्या धर्माचो, ता माका सांग. मगे मी झेंडो बदलतंय."

तो म्हणाला, "अगो, मी आपला गमतीन..."

"मीय गमतीनच इचारतंय. सांग."

त्यानं डहाळी हातात धरून ठेवली, टाकायची कशी हे त्याला कळेना. मत त्यानं कुणाला दिलं देव जाणे. आपण पडलो, चांगलेच पडलो. निकालाच्या संध्याकाळी मी तोंड पाडून तुझ्या ओटीवर बसले होते आणि तू म्हणालीस, "उठ गो. आपल्याक मतां घातली ती माणसां कोण, ती तरी हुडकूया." आणि खरंच आपण हुडकली! वाडीवाडीत गेलो. मसुऱ्याकडची दोन घरं निघाली, मिठबावात तुझ्या माहेरची सोडून तिसरीच निघाली. आपल्याला वाटलं होतं त्यांतल्या कित्येकांनी दिलंच नव्हतं, आणि ज्यांच्याकडं आपण प्रचारालाही गेलो नव्हतो त्या खाडीपलीकडच्या आंबेवाल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "भराव झालो की पाणी माझ्या कलमांत शिरता, म्हणान दिलंय." निवडणूक हरल्यावर दोन महिन्यांत खाडीची राखण समिती उभी राहिली ती अशी. जिंकलो असतो तर आपण हार घालून घेत फिरलो असतो.

एक भांडण मात्र राहिलं, आपा. तू मेलीस म्हणून ते मी सोडणार नाही. मला अजून वाटतं, खाडीचा एक कोपरा पूर्ण मोकळा सोडायला हवा. तिथं तुम्हीही नाही, मीही नाही, पर्यटक तर नाहीच. कुणाच्याच उपयोगाचा नसलेला. तू म्हणायचीस, "कोणाचोच नाय असो कोपरो राखूचो कोणी?" आणि वर, "तुजा पोट भरलेला आसा म्हणान तुका ह्या सुचता." लागलं होतं मला ते. खरं होतं म्हणून जास्तच. पण ज्यांना मत नाही त्या खलाशांसाठी तू भांडलीस, तर बगळ्याला आणि पालू माशाच्या पिल्लांनाही मत नसतं, त्यांच्यासाठी कुणी भांडायचं? हे उत्तर मला परवा सुचलं. शोधून शोधून सुचलं, आणि तू नाहीस ऐकायला. तू काय म्हणाली असतीस याचा मी खूप विचार केला. "बघूया," म्हणाली असतीस बहुतेक, आणि विषय बदलला असतास.

आणि ते फळ्यापुढचं वाक्य. तुला नाही कळायचं, असं मी म्हटलं होतं. त्यानंतर इतकी वर्षं आपण एकत्र जेवलो, बसमध्ये एकमेकींच्या खांद्यावर झोपलो, आणि मी माफी मागितली नाही. वाटायचं, ती विसरली असेल, उगाच कशाला उकरा. मागच्या आठवड्यात रुबीनानं सहज सांगितलं की पाहुणे आले की तू माझी ओळख करून द्यायचीस: "ह्या आमच्या बाई. आधी माका म्हणाली, तुका शास्त्र कळणा नाय. मगे माझ्याबरोबर चिखलात इली." म्हणजे तू विसरली नव्हतीस. आणि हसत सांगत होतीस. माझं चुकलं, आपा. मला कळत नव्हतं, तुला कळत होतं. हे मला तुझ्या ओटीवर बसून, तुझ्या डोळ्यांत बघून सांगायचं होतं. ते राहिलं.

आता काल.

सभागृह भरलं होतं, बाहेर पायऱ्यांवरही माणसं. सरपंचांनी आधी तुला श्रद्धांजली वाहिली. चांगलं बोलले, खोटं नाही सांगत. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग ते म्हणाले, "हमीदाआपांची आठवण म्हणून जेटीवरच्या शेडला त्यांचं नाव देऊया, फलक लावूया. आणि हा खाडीचा विषय आज नको. दुःखाचा प्रसंग आहे. पुढच्या सभेला घेऊ." टाळ्या सुरूही झाल्या. मागून, ज्यांचे ट्रॅक्टर भरावावर चालतात त्यांतला एकजण बोलला, "बरोबर. हमीदा गेली, विषय मिटलो."

आणि सुलोचना उठली. आपली सुलोचना! सभेत काही विचारलं की जी म्हणायची, "हमीदा सांगात तसा," ती. पदर डोक्यावरून घसरला होता, तिला भान नव्हतं.

"हमीदा गेली, पण आमी खंय गेलंव?"

सरपंच म्हणाले, "अगो, आमी मानान तिचा नाव देतंव..."

"फलक नको. ठराव होयो. नाव घालशात, हार घालशात आणि मगे गप बसशात. तिका शेडीचा काय करूचा होता? तिका खाडी होयी होती."

मग जो गोंधळ झाला! एकजण म्हणाला, मेलेल्या माणसाचा मान नाकारू नये. एक म्हातारी ओरडली, मेलेल्याचा मान म्हणजे त्याचं ऐकणं. बायका उभ्या राहिल्या, आंबेवाला म्हातारा काठी आपटत उभा राहिला. सरपंच दोन्ही हात खाली दाबत होते आणि कुणी खाली बसत नव्हतं. तुझ्या नावाचा फलक लावू नका म्हणून तुझ्याच मैत्रिणी भांडत होत्या! मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझं काळीज नुसतं उड्या मारत होतं. शेवटी ठरावावर हात वर करून मत घेतलं. मोजायची गरज पडली नाही. ट्रॅक्टरवाल्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि स्वतःचा हात खिशात घातला.

ग्रामसेवक नवीन आहेत, भले आहेत. त्यांनी वही उघडली, तुझा अर्ज पाहिला आणि अडखळत म्हणाले, "अर्जदार मयत आहेत. ठरावाला सूचक लागेल, हयात असलेला. कुणाचं नाव घालू?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. बाई शिकलेल्या, बाईंनी मसुदा लिहिलेला. मी तोंड उघडणार, एवढ्यात सुलोचना टेबलापर्यंत पोचली होती.

"माजा नाव घाला."

"पूर्ण नाव सांगा."

तिनं सांगितलं. आपलं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं, सावकाश, ग्रामसेवकांच्या पेनाकडं बघत. लिहून झाल्यावर म्हणाली, "वाचून दाखवा." त्यांनी वाचून दाखवलं. मग तिनं मान हलवली.

"अनुमोदक?" ग्रामसेवकांनी वर न बघता विचारलं, आणि मग वर बघितलं.

माझाही हात वर होता, आपा. त्यांना तो दिसलाच नाही. माझ्यापुढं एवढे हात होते.